बंदीची मोजदाद

१७ मार्च २०२५ च्या संध्याकाळनंतर नागपुरातील महाल आणि हंसापुरी या भागांत दंगल उसळली, आणि त्यानंतर शहर पोलीस आयुक्तांनी ज्या अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी पुकारली, त्यांत कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली, शांतीनगर, नंदनवन, इमामवाडा, यशोधरानगर आणि कपिलनगर यांच्याबरोबर सक्करदऱ्याचेही नाव होते. हुकूम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघाला होता. हद्दी नावनिशीवार सांगितलेल्या होत्या. २० मार्च रोजी नंदनवन आणि कपिलनगर मोकळे झाले, सक्करदरा धरून काही हद्दींत दुपारी दोन ते चार अशी सूट मिळाली, आणि २३ मार्च रोजी उरलेली संचारबंदीही उठली. हा सारा तपशील वर्तमानपत्रांत छापून आला, चौकाचौकांत ध्वनिक्षेपकावरून सांगितला गेला. आजपासून पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला सक्करदऱ्यातील त्या आठवड्याचा रोजनामा लिहावयाचा झाला, तर कोणत्या दिवशी कोणत्या रस्त्यावर पाय ठेवण्यास मनाई होती, हे त्याला बिनचूक सांगता येईल.

त्याच आठवड्यात आणखी एक बंदी अमलात येत होती, आणि तिचा रोजनामा त्या अभ्यासकाला सापडणार नाही. राज्याच्या सायबर विभागाने समाजमाध्यमांवरील १४० हून अधिक मजकूर आणि चित्रफिती आक्षेपार्ह ठरवून, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९(३)(ब) खाली ते तत्काळ उतरविण्याच्या नोटिसा त्या त्या कंपन्यांना धाडल्या. एवढा आकडा जाहीर झाला. परंतु संचारबंदीच्या हद्दींची जशी यादी लागली, तशी या मजकुरांची यादी लागली नाही. त्यांतील किती खरोखर चिथावणीचे होते, किती निव्वळ संतापाचे होते, किती केवळ घडलेल्या गोष्टीचे चित्रण होते, हे नागरिकाला पडताळून पाहण्याचा मार्ग उरला नाही. दंगलीच्या रात्री अफवा पसरविणारा मजकूर खाली उतरला पाहिजे, याविषयी मला तिळमात्र संशय नाही. माझे म्हणणे एवढेच, की रस्त्यावरच्या बंदीला जे दफ्तर आहे ते तारेवरच्या बंदीला नाही. आणि हे नसलेले दफ्तर भरून काढण्याचा उद्योग गेली वीस-पंचवीस वर्षे जगातील काही नागरिकांनी, बहुतांशी विनावेतन, चालविला आहे. त्या उद्योगाचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही.

आरंभ सक्करदऱ्यापासूनच करावा, कारण या वस्तीला राजसत्तेचा आणि तिच्या हुकुमांचा परिचय नवा नव्हे. उमरेड रस्त्यावरच्या या भागात भोसल्यांचा वाडा आहे, शेजारच्या वसाहतीला रघुजींचेच नाव आहे, चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले, तेव्हा भोसल्यांची सत्ता संपली तरी त्यांचा मान नागपुरात टिकून राहिला. म्हणूनच सुमारे सोळा वर्षे वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या सूफी संत ताजुद्दीन बाबांना १९०८ साली जामीन राहून सोडवून आणणे त्याच घराण्यातील पुढच्या पिढीच्या राजे रघुजीरावांना शक्य झाले, आणि बाबांचे वास्तव्य सक्करदऱ्याच्या वाड्यात घडले.

त्याच १९०८ सालाची दुसरी बाजू नागपूरच्या छापखान्यांत पाहावयास मिळते. जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि पाठोपाठ ऑगस्टमध्ये नागपुरात ‘देशसेवक’चे अच्युत बळवंत कोल्हटकर आणि ‘हिंदी केसरी’चे माधवराव सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. दोन वर्षांनी, १९१० साली, जो मुद्रण कायदा आला त्याने नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत अनामत मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला, आणि जुन्यांच्या बाबतीत ही रक्कम ५,००० पर्यंत नेली. त्या काळच्या पाचशे रुपयांत एखाद्या लहान वृत्तपत्राचा श्वास कोंडत असे.

इंग्रजी अंमल जुलमी होता, पण तो हिशेबी होता, ही गोष्ट येथे ध्यानी घेण्यासारखी आहे. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश सरकारी भाषांतरकार नियमितपणे तयार करीत. पंजाब, वायव्य प्रांत आणि अयोध्या यांच्या जोडीने मध्य प्रांतातील पत्रांचेही असे उतारे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दफ्तरी दाखल होत आले. अनामत कोणाकडून घेतली, कोणाची जप्त केली, कोणता अंक सरकारजमा झाला, याची नोंद राहत असे आणि कायदेमंडळात प्रश्न विचारून ती बाहेरही काढता येत असे. याच नोंदींच्या आधारे १९२१ साली सर तेजबहादुर सप्रूंच्या समितीने १९१० चा तो मुद्रण कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि पुढल्या वर्षी तो रद्द झाला. दाबून टाकणाऱ्याच्याच वहीतून दाबलेल्याला आपली फिर्याद मांडता आली, हा त्या काळाचा एक विलक्षण गुण मानावा लागेल.

आणीबाणीतही हे सूत्र काही अंशी टिकले. जून १९७५ मध्ये पूर्वतपासणी लागू झाली तेव्हा काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, आणि त्या कोऱ्या जागेने वाचकाला सांगितले की येथे काहीतरी होते. महाराष्ट्रात ‘साधना’ने न्यायालयात लढा दिला, ‘फ्रीडम फर्स्ट’चे मिनू मसानी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ साली तपासनिसांच्या अतिरेकाला लगाम घातला. सत्तांतर झाल्यावर १९७७ साली प्रसारमाध्यमांच्या गैरवापराविषयी श्वेतपत्रिका निघाली, शहा आयोगापुढे तोंडी हुकुमांच्या साक्षी झाल्या. उशिरा का होईना, मोजदाद झाली.

जाळ्यावरच्या बंदीत कोरी जागा राहत नाही. पान उघडत नाही एवढेच दिसते. आणि पान न उघडण्याची कारणे इतकी असतात, की वायर तुटली, यंत्र बिघडले, मालकाने भाडे भरले नाही, की सरकारने हुकूम काढला, याचा उलगडा सामान्य माणसाला होत नाही. बंदी आणि बिघाड यांची ही सरमिसळ बंदी घालणाऱ्याच्या सोयीची आहे, आणि तिच्यातून बंदी वेगळी काढणे हाच मोजणाऱ्यांचा खरा व्यवसाय होय.

भारतात हा उलगडा करण्याची गरज प्रथम मोठ्या प्रमाणावर जाणवली ती मुंबईच्या निमित्ताने. त्याआधी २००३ साली मेघालयातील एका संघटनेचा एकच याहू गट बंद करण्याचा हुकूम निघाला असता सेवादात्यांनी साऱ्या याहू गटांचे दार लावले होते, पण तेव्हा वापरणारे थोडे होते. ११ जुलै २००६ रोजी उपनगरी गाड्यांत साखळी स्फोट झाले आणि त्यानंतरच्या दिवसांत दूरसंचार विभागाने सुमारे दीड डझन पत्त्यांची यादी सेवादात्यांकडे धाडली. त्यांना एकेक पान वेगळे काढण्याचे तंत्र साधेना, म्हणून कित्येकांनी सबंध ब्लॉगस्पॉट आणि जिओसिटीज बंद करून टाकले. स्फोटांनंतर जखमींची आणि बेपत्तांची माहिती पुरविण्यासाठी मुंबईकरांनी ज्या जागेचा उपयोग केला होता, तीही त्यामुळे अनेकांना दिसेनाशी झाली. तेव्हा देशभरातील ब्लॉगलेखकांनी जे केले ते साधे पण नवे होते: माझे शहर हे, माझा सेवादाता हा, अमुक तारखेला अमुक पान उघडत नाही, अशा नोंदी त्यांनी एकत्र मांडल्या, परस्परांशी ताडून पाहिल्या, माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला, आणि मूळ यादी किती लहान व तामिली किती अवाढव्य होती हे उघडकीस आणले. नागरिकांनी एकत्र येऊन केलेली बंदीची मोजणी म्हणून आपल्याकडे या प्रसंगाला मान दिला पाहिजे.

परदेशात हे काम तोवर विद्यापीठांनी हाती घेतले होते. टोरांटोच्या सिटिझन लॅबने हार्वर्ड आणि केंब्रिज येथील संशोधकांच्या साहाय्याने ‘ओपननेट इनिशिएटिव्ह’ उभारला, २००६ साली ४० देशांत चाचण्या घेतल्या आणि त्यांपैकी २६ देशांत तांत्रिक गाळणीचा पुरावा मिळाल्याचे २००८ साली ग्रंथरूपाने जाहीर केले. तो उपक्रम २०१४ च्या अखेरीस थांबला. परंतु तोपर्यंत, २०१२ साली, टॉर प्रकल्पाच्या छत्राखाली ‘ऊनी’ या नावाने ओळखली जाणारी दुसरी वेधशाळा सुरू झाली होती, आणि तिची घडण मुळातच निराळी होती. हिच्यात निरीक्षक म्हणजे पगारी संशोधक नव्हे, तर ज्याच्या हातात साधन आहे तो कोणीही मनुष्य. २०१७ पासून भ्रमणध्वनीवर चालणारी आवृत्ती निघाल्यावर तर हे साधन खिशात आले.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. यादीतील एकेका संकेतस्थळाकडे हे साधन जाऊन पाहते आणि त्याच वेळी दूर देशातील, जेथे बंदी नाही अशा ठिकाणाहून तीच चौकशी करविते. मग दोन्ही उत्तरे समोरासमोर ठेवते. नावावरून पत्ता विचारला असता खोटा पत्ता मिळाला काय, पत्ता बरोबर असूनही जोडणी तुटली काय, जोडणी होऊनही भलतेच पान आले काय, हे टप्प्याटप्प्याने तपासले जाते, आणि निकाल कोणालाही पाहता येईल अशा रीतीने प्रसिद्ध होतो. येथे निकाल म्हणजे ‘विसंगती’. बंदीचा निर्णय त्यावरून माणसाने, पुष्कळ नोंदी ताडून, द्यावयाचा असतो. घाईने आरोप न करण्याची ही शिस्त मला या साऱ्या व्यवहारातील सर्वांत आदरणीय गोष्ट वाटते. दुसरी आदरणीय गोष्ट अशी, की साधन वापरणाऱ्याला आरंभीच बजावले जाते की काही देशांत ही तपासणी करणेसुद्धा धोक्याचे असू शकते आणि तुझ्या जाळ्याची माहिती जाहीर होणार आहे. संमती घेतल्यावाचून पुढे पाऊल पडत नाही.

या रीतीत यादीचे महत्त्व मात्र फार मोठे आहे, आणि आपल्या दृष्टीने दुखणेही तेथेच आहे. काय तपासावयाचे हे सिटिझन लॅबने राखलेल्या सार्वजनिक याद्या ठरवितात. प्रत्येक देशाची यादी वेगळी, आणि तिच्यात भर स्वयंसेवकांनी घालावयाची. एखादे मराठी संकेतस्थळ यादीत कोणी घातलेच नाही तर ते बंद झाल्याचे कोणत्याही वेधशाळेला उमगणार नाही. जगाच्या नकाशावर आपला प्रांत स्वच्छ दिसला म्हणून तो स्वच्छ आहे असे होत नाही. कदाचित तेथे कोणी पाहिलेच नसेल.

भारतातील बंदीचे स्वरूपही या निरीक्षकांनीच उलगडून दाखविले. कायदा असा: माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९-अ आणि त्याखालील २००९ चे नियम सरकारला संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार देतात, आणि नियम १६ या साऱ्या व्यवहारावर गोपनीयतेचे झाकण घालतो. पालघरच्या दोन तरुणींना नोव्हेंबर २०१२ मध्ये एका फेसबुक नोंदीपायी अटक झाली, त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी त्याच कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. पण ६९-अ कायम राहिले आणि झाकणही राहिले. तेव्हा बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीतील अभ्यासकांनी सरकारी हुकूम, न्यायालयीन आदेश आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी यांतून ४,३७९ संकेतस्थळांची यादी जमविली आणि सहा मोठ्या सेवादात्यांच्या जाळ्यांवर ती तपासली. सहाही ठिकाणी बंद आढळली ती केवळ १,११५. एकच कायदा, एकच सरकार, आणि तरीही नागरिकाला काय वाचता येईल हे तो कोणत्या कंपनीची जोडणी घेतो यावर अवलंबून. त्याच सुमारास हेही दिसून आले की काही सेवादाते आता पानाचा मजकूर सांकेतिक असला तरी जोडणीच्या आरंभी उघड राहणारे संकेतस्थळाचे नाव वाचून वाट अडवितात: बंद लिफाफ्याच्या आतले पत्र टपालवाल्याला वाचता येत नाही, पण वरचा पत्ता वाचून तो लिफाफा बाजूला टाकू शकतो, तसे. अशा वेळी ‘हे पान सरकारच्या आदेशाने बंद आहे’ एवढीही पाटी दिसत नाही. आदेशाची पाटी न लावता केलेली बंदी मला प्रामाणिकपणाच्या विरुद्ध वाटते, मग ती कितीही कायदेशीर असो.

संकेतस्थळांची बंदी ही एक गोष्ट झाली. सबंध जिल्ह्याचे इंटरनेट तोडणे ही दुसरी. महाराष्ट्राला ती चांगलीच परिचयाची आहे. ९ ऑगस्ट २०१८ च्या मराठा आंदोलनात पुणे जिल्ह्यातील काही तालुके, नोव्हेंबर २०२१ च्या हिंसाचारात आमच्या विदर्भातील अमरावती, जून २०२३ मध्ये कोल्हापूर, सप्टेंबरात पुसेसावळीच्या प्रकरणानंतर सातारा, आणि पुढे आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर: ही मालिका वाचकांच्या स्मरणात असेल. यास आधार १८८५ च्या तार कायद्याचा होता. २०१७ पूर्वी जिल्हाधिकारी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खालीच तारा तोडीत. ऑगस्ट २०१७ मध्ये स्वतंत्र नियम आले, राज्याच्या गृहसचिवाकडे अधिकार गेला आणि आढावा समितीची तरतूद झाली. ‘काश्मीर टाइम्स’च्या अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे हुकूम प्रसिद्ध झालेच पाहिजेत आणि बंदी बेमुदत असता कामा नये. नोव्हेंबर २०२४ च्या नव्या नियमांत हुकूम कारणांसह प्रसिद्ध करण्याचे बंधन आले.

असे असता एकंदर किती वेळा इंटरनेट बंद झाले, हे दिल्लीत कोणाला ठाऊक होते? संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात नमूद केले की ना दूरसंचार विभागाकडे, ना गृहमंत्रालयाकडे राज्यांच्या अशा हुकुमांची नोंद आहे; मध्यवर्ती नोंदवही ठेवावी, अशी शिफारस समितीला करावी लागली. जी नोंद होती ती होती एका नागरी संस्थेपाशी. दिल्लीतील ‘एसएफएलसी’ ही कायदेतज्ज्ञांची संस्था २०१२ पासूनच्या बंदीच्या प्रसंगांचा तक्ता राखीत आली आहे. वर्तमानपत्रांतील बातम्या, हाती आलेले हुकूम आणि लोकांनी कळविलेली माहिती यांतून तो भरला जातो. २०१६ पासून ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेभोवती जमलेल्या जगभरच्या संघटना ‘कीप इट ऑन’ या नावाने वार्षिक हिशेब मांडतात. त्यांच्या गणतीनुसार भारतात २०१८ साली १३४, २०१९ साली १२१, २०२३ साली ११६ आणि २०२४ साली ८४ प्रसंग घडले. वर्षानुवर्षे जगात आपला क्रमांक पहिला होता. २०२४ साली म्यानमार ८५ वर गेला म्हणून आपण दुसरे झालो. लष्करी राजवटीशी एका आकड्याच्या अंतराने होणारी ही तुलना लोकशाहीचा अभिमान बाळगणाऱ्याला बोचल्यावाचून राहणार नाही.

येथे कोणी शंका घेईल की यंत्रांनी जग न्याहाळणाऱ्या वेधशाळा असताना वर्तमानपत्रांची कात्रणे कशाला? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर सक्करदऱ्यासारख्या वस्तीकडे पाहिले की मिळते. जानेवारी २०११ च्या अखेरीस इजिप्तचे जाळे तुटले तेव्हा जवळजवळ सारा देशच मार्गांच्या जागतिक तक्त्यांतून नाहीसा झाला, आणि हजारो मैलांवरून ते क्षणात दिसले. अटलांटातील जॉर्जिया टेकची ‘आयोडा’ ही यंत्रणा अशीच मार्ग, प्रतिसाद आणि वाहतूक यांवर लक्ष ठेवते. पण आपल्याकडची बंदी जिल्ह्यापुरती, कित्येकदा तालुक्यापुरती, आणि बहुधा केवळ भ्रमणध्वनीची असते. भ्रमणध्वनीचे जाळे तर विशाल परिमंडळांत वाटलेले. नागपूरचे ग्राहक मुंबई वगळता उरलेल्या महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या परिमंडळात मोजले जातात. अशा सागरातून एका ठाण्याच्या हद्दीएवढे पाणी आटले, तर अटलांटाच्या पडद्यावरची रेघ हलेलच असे नाही. तेथे कामास येतो तो बातमीदार. १९११ पासून नागपुरात निघणाऱ्या ‘हितवाद’च्या, किंवा ‘लोकमत’च्या एखाद्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी, अमुक भागात सकाळपासून नेट बंद, हाच पुष्कळदा त्या जागतिक तक्त्यातील एका ओळीचा एकमेव पुरावा असतो. त्यामुळे जिल्हा वार्ताहरांची संख्या घटणे आणि बंदीची नोंद विरळ होणे या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

मोजणाऱ्यांच्या आकड्यांत एकवाक्यता नसते, हेही सांगितले पाहिजे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर येथे काही तासांची बंदी झाली; तिला एक प्रसंग म्हणावे की तीन? मुदत वाढली तर नवा प्रसंग धरावा काय? शिवाय दहा तासांची बंदी आणि ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरने सोसलेली बंदी, जिच्यात वेगवान भ्रमणसेवा परत येण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडले, या दोहोंना तक्त्यात एकेक ओळच मिळत असेल, तर नुसती बेरीज दिशाभूल करू शकते. टीकाकार या उणिवांवर बोट ठेवून सारी मोजदादच पक्षपाती ठरवू पाहतात. मला तो युक्तिवाद मान्य नाही. हुकूम ज्याच्या दफ्तरात आहेत त्याने ते उघडले असते तर बाहेरच्याला अंदाज करावा लागला नसता. उणीव मोजणाऱ्याची थोडी, लपविणाऱ्याची अधिक.

आणि उघडणे अशक्य आहे असेही नाही. महाराष्ट्र शासन आपले शासन निर्णय संगणक संकेतांकासह संकेतस्थळावर रोज चढविते. एखाद्या आश्रमशाळेतील एका पदाच्या मंजुरीचा कागदही तेथे सापडतो. ज्या प्रशासनाला हे साधते त्याला इंटरनेट बंदीचा प्रत्येक हुकूम, त्याची हद्द, वेळ, कारण आणि आढावा समितीचा निष्कर्ष त्याच जागी ठेवणे साधावे. आणि मजकूर उतरविण्याच्या नोटिसांची, निदान काही महिन्यांच्या अंतराने, वर्गवारीसह यादी द्यावी. तोवर वाचकांना विनंती आहे. तुमच्या भागातील सेवा अचानक बंद पडली, तर तारीख, वेळ, वस्ती आणि सेवादाता एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवा, शेजाऱ्याची दुसऱ्या कंपनीची जोडणी चालू आहे काय ते विचारा, आणि ही नोंद स्थानिक वार्ताहराला व बंदीचे तक्ते राखणाऱ्या संस्थांना कळवा.